सुभेदाराचा गूळ

बंदूक घोंगडीत गुंडाळलेली होती. एखादं आजारी करडू उचलून न्यावं तशी ती काखेत धरून कॅप्टन जगदाळ्यांचा गडी भैरू माने घराच्या मागच्या दारानं बाहेर पडत होता.

"हे असं का?" मी विचारलं.

"हळू बोला, डागदर. सुभेदारानं बगितली तर दार फोडंल."

सुभेदार म्हणजे कुत्रा. तो पुढच्या पडवीत साखळीला होता. पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग, पॉइंटर जातीचा, वय साडेअकरा वर्षं. या वयाचे कुत्रे ऊन बघून पडून राहतात. सुभेदारला बंदुकीची नुसती नळी दिसली तरी तो साखळीसकट खांब ओढायचा, आणि माळावर पोचायच्या आतच त्याची निम्मी ताकद संपायची. म्हणून बंदूक मागच्या दारानं आणि कुत्रा पुढच्या. ही भैरूची पद्धत.

मी तेव्हा तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. नोकरीला आठ महिने झाले होते. १९६६ सालचा जानेवारी, रविवार. शिकारीवर तेव्हा आजच्यासारखी बंदी नव्हती. दोन आठवड्यांपूर्वी कुत्र्याचे मालक, पलटणीतून निवृत्त झालेले कॅप्टन जगदाळे यांनी मला बोलावून सुभेदारची छाती तपासून घेतली होती. हृदयाला एक जादा आवाज होता. मी सांगितलं, आता शिकार बंद.

"बांधून ठेवला तर आठ दिवसांत मरेल," कॅप्टन म्हणाले होते. "धावू दिला तर कदाचित दोन वर्षं जगेल. तुम्ही वेळ ठरवून द्या. वेळ मी पाळतो."

मी ठरवून दिली. वीस मिनिटं मोकळा, वीस मिनिटं विश्रांती, अशा तीन खेपा. त्यावर त्यांनी मलाच घड्याळ घेऊन यायला सांगितलं.

मागच्या पडवीत एक पिंजरा टांगलेला होता. त्यात भैरूनं पाळलेला तित्तर असे. नाव पैलवान. मागच्या भेटीत तो इतका ओरडत होता की मला कुत्र्याचे ठोके मोजता येईनात. आज पिंजऱ्यावर फडकं होतं आणि आत सामसूम. थंडीनं असेल, असं मला वाटलं.

कॅप्टनसाहेबांनी स्वतः चहा ओतला. कपापेक्षा बशीत जास्त गेला. ताठ बसणारा, पासष्टीचा माणूस. मनगटावर घड्याळ होतं, तरी त्यांनी मला विचारलं, "किती वाजले?"

"सहा पस्तीस."

"माझं मागं पडतं." त्यांनी बशी उचलून तोंडाला लावली. "डॉक्टर, आज तुम्ही आहात ते बरं झालं. सुभेदार दोनदा खोटं बोललाय."

"म्हणजे?"

"पाखराचा वास आला की हा भुंकत नाही, झेपावत नाही. जागच्या जागी दगड होतो. एक पाय वर, शेपूट सरळ, नाक पाखराकडे. त्याला आम्ही बोलणं म्हणतो. सुभेदार बोलला की मी पुढं जायचं, पाखरू उठवायचं, उडताना मारायचं. दहा वर्षं तो बोलला तिथं पाखरू होतं. आता महिन्याभरात दोनदा उभा राहिला, मी गेलो, तर काही नाही."

"वय झालंय त्याचं."

"माझ्या पलटणीत तिसऱ्या चुकीला माफी नव्हती," ते म्हणाले आणि उठले.

वाटेत मी भैरूला गाठलं. कॅप्टनसाहेब त्याच्या मागून, बरोबर त्याच्याच पावलांवर पाऊल टाकत येत होते. पलटणीची सवय असावी. मी आवाज खाली आणून विचारलं, "तिसऱ्यांदा चुकला तर काय करतात?"

"सुभेदाराच्या आधी राणी म्हणून कुत्री हुती. तिचं नाक गेलं. तिसऱ्या बारीला सायबानं तिथंच, उभी असतानाच..." त्यानं बोट कानामागं टेकवलं. "मंग तीन दिस जेवलं न्हाईत. पर नियम म्हंजी नियम."

"आणि तू काही बोलला नाहीस?"

"मी सिपाई. भरती झालो सिपाई, सुटलो सिपाई. ह्यो दुधाचं दात हुतं तवाच सुभेदार झाला." त्यानं कुत्र्याकडं बघून दोन बोटं कपाळाला लावली. "म्या सलाम ठोकायचा, आनी गूळ ह्यानं खायाचा."

गूळ हाही नियमातलाच भाग होता. सुभेदार खरं बोलला की कॅप्टनसाहेब त्याला खिशातून गुळाचा एक खडा देत. खोटं बोलला की काही नाही.

भैरूच्या खांद्याला एक जाड कापडी पिशवी होती. चालताना तो तिच्यावर सारखा हात ठेवत होता. आणखी एक गोष्ट मला कळत नव्हती. कुत्रा उजवीकडे गेला की भैरू डावीकडे जायचा. वाऱ्याची दिशा बदलली की तोही बाजू बदलायचा. दहा वर्षं या कुत्र्याला सांभाळणारा माणूस त्याच्यापासून अंग चोरून का चालतो, ते मला उमगेना.

माळ सुरू झाला. तांबडा मुरूम, गुडघाभर कुसळी गवत, मधूनमधून बोरी आणि तरवडाची झुडपं. सात वाजून पाच मिनिटांनी मी मान डोलावली. भैरूनं साखळी काढली. गळपट्ट्याला पंधरा हात लांब दोर होता. तो तसाच जमिनीवरून घासत जाऊ द्यायचा.

"शिट्टी मारून थांबत नाही का?"

"थांबतुय की. पाखरू न्हाई तवा थांबतुय." भैरू पळायला लागला होता. "दोरावर पाय द्यायचा. दुसरा इलाज न्हाई ह्याला!"

तेव्हा मला कळलं, बंदूक घोंगडीत का गुंडाळायची. पडवीत उठताना ज्याचे मागचे पाय थरथरत होते, तो कुत्रा आता वाऱ्याला छेद देत या टोकापासून त्या टोकापर्यंत नांगरटीसारखा माळ उभा-आडवा कापत होता. जीभ खांद्यावर. मी घड्याळ बघत होतो आणि त्याची छाती बघत होतो. त्याला दम लागलाय हे त्याला सोडून सगळ्यांना कळत होतं.

सात सोळाला तो थांबला. धावता धावता मध्येच, कुणी खिळा ठोकल्यासारखा.

"बोलला," भैरू म्हणाला.

"कुठल्या अंगाला?" कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

"डाव्या, सायेब. बोरीच्या बुडात."

ते बंदूक धरून पुढं गेले. त्याच क्षणी बोरीच्या पलीकडच्या बाजूनं दोन तित्तर बाहेर आले आणि माना लांब करून उघड्या मुरमावरून पळत सुटले. पंधरा पावलांवर. मला स्पष्ट दिसले. कॅप्टनसाहेबांना दिसत असणारच. पण त्यांनी बंदूक उचलली नाही. पळणाऱ्या पाखरावर गोळी झाडायची नाही, असा खानदानी शिकाऱ्यांचा दंडक असतो, हे मी कुठंतरी ऐकलं होतं. मनातल्या मनात मी त्यांना दाद दिली.

भैरू खोकला. मग त्यानं वाकून एक दगड उचलला आणि पाखरांच्या पुढ्यात भिरकावला. फर्रर्र आवाज करत दोन्ही उडाले. तो आवाज होताच कॅप्टनसाहेब विजेसारखे वळले आणि दोन्ही नळ्या झाडल्या. पाखरं तशीच पुढं गेली.

"काडतुसं दमट झालीत," ते म्हणाले.

"व्हय सायेब. कोठार दमट हाय."

ऑक्टोबरपासून त्या भागात पावसाचा थेंब नव्हता. दवाखान्यातला कापूससुद्धा कुरकुरत होता.

"पण सुभेदार खरं बोलला." कॅप्टनसाहेबांनी गुळाचा खडा काढला. कुत्र्यानं तो न चावताच गिळला आणि पुन्हा निघाला.

सात पंचविसाला भैरूनं दोरावर अक्षरशः अंग टाकलं. दोन-चार पावलं फरफटत गेला, मग कुत्रा थांबला. मी त्याच्या मांडीच्या आत नाडीवर बोटं ठेवली. एकशे साठ, आणि दर दहा-बारा ठोक्यांमागे एक गाळलेला. भैरूनं वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसून ओलं फडकं त्याच्या पोटाखाली धरलं. सुभेदारनं पाण्याच्या डब्यात तोंड घातलं, दोन घोट घेतले, आणि कुठंतरी एक टिटवी ओरडली म्हणून असा उसळला की डबा कलंडला. सगळं पाणी मुरमात गेलं.

"भैरू, विहिरीवरून पाणी आण," कॅप्टनसाहेब म्हणाले.

विहीर खालच्या मळ्यात, जाऊन-येऊन वीस मिनिटं. भैरू जागचा हलला नाही. "सायेब, डागदर जातील. त्यांचं पाय तरणं हायत."

"डॉक्टर नाडी बघायला आलेत, पाणक्या म्हणून नाही. जा."

भैरूनं दोर माझ्या हातात दिला. मग खांद्याची पिशवी काढून, माझ्या अगदी जवळ येऊन, ती माझ्या दुसऱ्या हातात दिली. "डागदर, ही तेवढी त्या तरवडाखाली ठेवा." त्यानं तीस-चाळीस पावलांवरचं एक झुडूप दाखवलं. "आनी तोंड सैल करून ठेवा."

"काय आहे त्यात?"

"भाकरी हाय."

"मग तोंड सैल कशाला?"

"भाकरीला घाम सुटतुय." तो माझ्याकडं असा बघत होता की जणू मीच काहीतरी समजून घ्यायला हवं होतं. "इसरू नगा. तोंड सैल करा, आनी लांब उभं ऱ्हावा."

तो डबा घेऊन पळतच निघाला. दोर एका बोरीला बांधून मी तरवडापाशी गेलो. बुडात मुंग्यांचं भलंमोठं वारूळ होतं. माणसाची न्याहारी मुंग्यांच्या स्वाधीन करायची, तीही तोंड उघडून? शिपायाला स्वच्छतेची अक्कल नसते, असं म्हणून मी पिशवी खांद्याला अडकवली आणि परत आलो. तोंड मात्र बांधलेलंच ठेवलं. वारा कुत्र्याच्या अंगावरून माझ्याकडं येत होता.

कॅप्टनसाहेब दगडावर बसले होते. सूर्य त्यांच्या तोंडावर आला होता, तरी त्यांनी डोळे मिटले नव्हते.

"डॉक्टर, नाक गेलं की कुत्र्याला ते कळतं का?"

"सांगता येत नाही."

"कळत असावं. राणीला कळलं होतं. शेवटच्या दिवशी ती उभी राहिली आणि मान वळवून माझ्याकडं बघितलं. पाखराकडं नाक धरलेला कुत्रा मालकाकडं बघत नाही." "अशा जनावराला पोत्यावर, माश्या मारत मरू द्यायचं नाही. माळावर, उभा असताना. त्यात त्याचा मान आहे. किती वाजले?"

"सात पंचेचाळीस. पण भैरूला येऊ द्या. पाणी नाही."

"वेळ म्हणजे वेळ."

मी दोर सोडला.

सुभेदार माझ्या बाजूनं, वाऱ्याच्या दिशेनं सुसाट गेला. शे-दीडशे पावलं सरळ. मग वारा आडवा घेण्यासाठी वळला, आणि वळता वळता त्याचं डोकं असं वर उचललं गेलं की जणू कुणी हाक मारली. तो परत फिरला. धावत नव्हता आता. पोट खाली घालून, एक एक पाऊल मोजत येत होता. थेट माझ्या दिशेनं. नऊ-दहा पावलांवर थांबला. उजवा पाय वर. शेपूट सरळ. नाक माझ्याकडं.

मी मागं बघितलं. मागं उघडा मुरूम. सरडा लपायलासुद्धा गवताची काडी नव्हती.

"दोराचा आवाज थांबला," कॅप्टनसाहेब उठत म्हणाले. "उभा राहिला का?"

"हो."

"कुणीकडे?"

"माझ्याकडं तोंड करून."

ते चालत आले. काडतुसं त्यांनी बोटांनी चाचपून नळीत घातली. "तुमच्या मागं काय आहे?"

"काही नाही. मोकळा माळ."

"डावीकडं? झुडूप, गवत?"

"काहीच नाही."

"नीट बघा, डॉक्टर."

ते गयावया करत होते हे मला त्या वेळी समजलं नाही. मी अचूक उत्तर दिलं. "नीटच बघितलं. काहीही नाही."

"तिसरं," ते म्हणाले.

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "बाजूला व्हा."

मी चार पावलं उजवीकडं सरकलो. सुभेदारचं नाक माझ्याबरोबर सरकलं. परत डावीकडं आलो. नाकही डावीकडं आलं. होकायंत्राच्या सुईसारखं.

"कॅप्टनसाहेब, त्याला माझाच वास येतोय. दवाखान्याचा. औषधांचा."

"तुम्ही पाखरू आहात?"

"नाही."

"मग तो खोटं बोलतोय. बाजूला व्हा, ही शेवटची सूचना."

मी हललो नाही. धैर्य नव्हतं ते. कुत्रा नेमकं काय दाखवतोय, ते मला बघायचं होतं. कुत्र्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. त्याच्या खांद्यावरची कातडी थरथरत होती. शेकडो जनावरं मी हाताखालून घातली होती. यातलं काहीच खोटं दिसत नव्हतं. आणि तरी माझ्या मागं उघडा मुरूम होता.

तेवढ्यात माझ्या कमरेवर कुणीतरी लाथ मारली.

हलकी, बोटभर. मग पुन्हा. पिशवीतून.

मी पिशवीवर हात ठेवला. भाकरी ऊबदार असू शकते. भाकरीला ठोके नसतात.

मी घाईनं पिशवीचं तोंड सोडलं. आतून एक मान वर आली, डोळा दिसला, आणि तित्तर माझ्या मांडीवरून घरंगळत खाली पडला. पडला तो उडाला नाही. पिसं झटकली, चार पावलं चालला, आणि कॅप्टनसाहेबांच्या समोर, उघड्या तांबड्या मुरमावर, मुंगी टिपायला लागला. त्याच्या पायात लाल दोरा होता.

सुभेदारचं नाक त्याच्यामागं गेलं आणि त्याच्यावर स्थिर झालं. पाऊल हललं नाही.

"काय पडलं?" कॅप्टनसाहेबांनी विचारलं. "पिशवीत काय होतं?"

ते समोर बघत होते. सरळ पाखराच्या दिशेनं, पण वीतभर वरून. मी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. उन्हात त्यांच्या बाहुल्या काळ्या नव्हत्या. दुधाचा हात लागल्यासारख्या करड्या होत्या. म्हाताऱ्या बैलांच्या डोळ्यांत मी ते कितीतरी वेळा पाहिलं होतं. माणसाच्या डोळ्यांत बघायचं मला सुचलं नव्हतं.

बशीतला चहा, घड्याळ, पावलांवर पाऊल, दमट काडतुसं.

"तित्तर होता, साहेब," मी म्हणालो. "उडून गेला."

"उडाला?"

"हो. सुभेदार खरं बोलला."

"डॉक्टर, तित्तर उडाला की पाव मैलावर ऐकू जातं. माझे कान शाबूत आहेत."

दुसरं खोटं सुचलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण त्याच वेळी पाखरानं मान ताणली आणि ते मोठ्यांदा ओरडलं. तीनदा, चारदा. ऐटीत.

कॅप्टनसाहेबांनी मान कलती केली. रोज पहाटे मागच्या पडवीत ऐकलेला आवाज.

"पैलवान," ते म्हणाले.

"किती पावलांवर आहे?"

"दहा."

"गवतात?"

"नाही. उघड्यावर."

मग त्यांनी बंदुकीची नळी मोडून उघडली आणि दोन्ही काडतुसं बाहेर काढली. एक हातातून निसटून खाली पडलं. ते शोधायला ते वाकले नाहीत.

भैरू चढ चढून आला. डब्यातलं निम्मं पाणी वाटेत सांडलेलं. त्यानं एकेकाकडं बघितलं: पाखराकडं, कुत्र्याकडं, उघडलेल्या बंदुकीकडं, माझ्या खांद्यावरच्या रिकाम्या पिशवीकडं. मला तो एवढंच म्हणाला, "तरवडाखाली ठेवा म्हनलं हुतं. सुभेदार तितं बोलला असता, आनी पाखरू बी असतं."

"मुंग्या होत्या," मी म्हणालो.

"भैरू," कॅप्टनसाहेबांनी मध्येच विचारलं. "मघाशी बोरीपाशी किती होते?"

"दोन, सायेब. पळत गेलं. दगुड मारून म्या उडवलं."

"नाताळात?"

"चार. तुमच्या पायातनं गेलं."

"आणि त्याच्या आधी?"

"एक नर हुता. जाता जाता थांबून बगत बी हुता तुमच्याकडं."

"मला का सांगितलं नाहीस?"

भैरूनं डबा खाली ठेवला. शिपाई उभा राहतो तसा टाचा जुळवून उभा राहिला.

"नियम तुमचाच हाय, सायेब," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर बंदूक कुनावर धरली असती?"

हात पुढं करून कॅप्टनसाहेबांनी बंदूक त्याच्याकडं दिली. दिशा थोडी चुकली. भैरूनं एक पाऊल सरकून ती घेतली. मग त्यांनी मला विचारलं, "सुभेदार अजून उभा आहे?"

"आहे. सहा मिनिटं झाली."

"मला त्याच्यापाशी न्या."

मी त्यांचा दंड धरला. कुणी दंड धरलेला त्यांना खपला, असं भैरूनंही त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ते कुत्र्याच्या तोंडाशी गुडघे टेकून बसले. एका हातानं त्याची मान चाचपली, खांदा चाचपला, वर धरलेला पाय चाचपला. पाय खरंच वर होता. मग त्यांनी खिशात हात घातला.

"हा आजचा," असं म्हणून त्यांनी गुळाचा खडा तळहातावर धरला.

मग आणखी एक. "हा नाताळचा."

त्या कुत्र्याला एवढा गूळ मी कधी दिला नसता. मी घड्याळाकडं बघत राहिलो.

तिसरा खडा काढायला त्यांना वेळ लागला. खिशाच्या अगदी तळाशी होता. "आणि हा त्या नराचा."

सुभेदारनं तिन्ही खडे खाल्ले. खाताना त्यानं त्यांच्याकडं एकदाही बघितलं नाही. त्याचं नाक पैलवानाकडंच होतं.